मामांचे कार्ड सिंगापुरात

गेल्या दिवाळीत आमचे चिखलीचे मामा-मामी मुलाला भेटायला सिंगापूरला जाऊन आले. मामा निवृत्त शिक्षक. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्यांचे नाव कधी चढले नाही. मुलाच्या आग्रहाखातर मात्र त्यांनी क्रेडिट कार्ड घेतले, आणि पहिल्याच रात्री हॉटेलात ते चालले नाही. पैसे मुलाने भरले. "पोराच्या जिवावर राहायला गेलो नव्हतो," असे मामा अजून म्हणतात.

दोष कार्डाचा नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातच चालते. परदेशी वापर धारकाने स्वतः सुरू करावा लागतो. तो मोबाइलवरून तिथेही करता आला असता, पण मामांनी रोमिंग घेतले नव्हते, त्यामुळे बँकेचा ओटीपी आलाच नाही.

परत आल्यावर कार्डाचे बिल घेऊन आम्ही ओसरीवर बसलो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून हे काम माझ्याकडे! समजा, १०० सिंगापूर डॉलरची खरेदी झाली आणि दर ६५ रुपये धरला, तर होतात ६,५०० रुपये. त्यावर बँकेने साडेतीन टक्के आकार लावला, तर २२७ रुपये ५० पैसे. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४१ रुपये. शिवाय दर खरेदीच्या दिवसाचाच लागेल असे नाही. हिशेब पुरा होतो त्या दिवसाचा लागतो.

एका दुकानात यंत्राने विचारले होते, डॉलर की रुपये? "आपले रुपये दिसले, म्हणून तेच दाबलं," मामा म्हणाले. कोणीही हेच केले असते. पण रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि तो बहुधा महाग असतो. वर काही बँका आपला वेगळा आकार घेतातच. तेव्हा त्या देशाचेच चलन निवडावे. आणि क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढू नये; तिचे व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

१९७० च्या सुमारास प्रवाशाला अवघे आठ डॉलर नेता येत, असे जुने लोक सांगतात. १९७३ चा 'फेरा' कायदा कडक होता. जून २००० पासून 'फेमा' आला आणि वाट मोकळी झाली. मामांना हे ऐकवले, तर ते म्हणाले, "आठ डॉलर बरे. हिशेब तरी सोपा!"

परत आल्यावर परदेशी वापर बंद करायचा असतो. लिहिता लिहिता आठवले, मामांचा अजून चालूच आहे. उद्या चिखलीची एस. टी. गाठली पाहिजे.