हौसेला मोल नाही, पण हिशेब हवा

कुर्ला पश्चिमेला प्रीमियर रोड आहे. रिक्षावाल्याला नुसते ‘प्रीमियर’ म्हटले तरी तो बरोबर आणून सोडतो. कारखाना मात्र आता तिथे नाही. त्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. जिने अर्ध्या मुंबईला टॅक्सीतून फिरवले ती ‘पद्मिनी’ गाडी इथे घडत होती, हे आज शाळकरी मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

या रस्त्याजवळ राहणाऱ्या एका कुटुंबात मध्यंतरी एक वाद झाला. घरातले आजोबा प्रीमियरच्या बॉडी शॉपमध्ये चोवीस वर्षे काम करून घरी बसलेले. मुलगा एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर. त्याने एका रविवारी हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्यांची रॅली पाहिली आणि तो भारावूनच घरी आला. टप नसलेली, दोन माणसांची, लाल रंगाची विलायती स्पोर्ट्स कार त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. जेवताना तो म्हणाला, “बाबा, आपणही एक जुनी गाडी घ्यायची.”

सूनबाईंनी ताट बाजूला सरकवले. “अहो, मुलीची बारावी आहे. पुढच्या फीचं काय?”

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चोवीस वर्षं गाड्या बनवल्या. एकदाही स्वतःच्या गाडीत बसलो नाही.”

प्रश्न एकट्या या घराचा नाही. जुन्या गाड्या जमवणे हा राजेरजवाड्यांचा आणि शेठ लोकांचा शौक, असे आपण धरून चालतो. पण आता नोकरी करणाऱ्या घरांतली मुलेही जुनी गाडी घेऊ पाहत आहेत. त्यात वावगे काही नाही. फक्त पहिल्याच गाडीत फसगत झाली, तर हौस जाते आणि घरात कर्ज तेवढे उरते. म्हणून त्या आजोबांनी मुलाला जे शिकवले ते वाचकांसाठी इथे देत आहोत.

विलायती की कुर्ल्याची?

पहिला प्रश्न, गाडी कोणती? एमजी, ट्रायम्फ अशा जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स गाड्या दिसायला देखण्या असतात. पण त्यांचे पार्ट विलायतेहून पौंडात मागवावे लागतात. वर वाहतूक आणि जकात. गाडी बिघडली की महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली उभी. नवशिक्याने अशी गाडी घेऊ नये. जिचे काम जाणणारा मिस्त्री आपल्या विभागात आहे, तीच गाडी पहिली घ्यावी.

कुर्ल्याच्या माणसाला त्यासाठी लांब जायला नको. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. तीच १९७२ साली ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि दिवस पालटले. २००० सालाच्या आसपास पद्मिनीचे उत्पादन थांबले. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद झाल्या.

ही काही स्पोर्ट्स कार नव्हे. चार दरवाजे, १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. तरी हौशी लोकांनी तिची ताकद वाढवून मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीतही पळवली आहे. “ज्याला वेगाची हौस आहे त्याने आधी या गिअरवर हात बसवावा,” असे आजोबांचे म्हणणे.

आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन

नवीन माणूस आधी रंग पाहतो, मग इंजिनाचा आवाज ऐकतो आणि कागद शेवटी मागतो. आजोबांचा क्रम नेमका उलटा.

आरसी बुकावरचा मालक आणि विकणारा माणूस एकच आहे का, ते आधी पाहावे. मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी चढली पाहिजे. गाडीवर कोरलेला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो स्वतः घ्यावा, कोणी दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवून घ्यावा. जुन्या गाड्यांच्या नंबराला ‘एमएच’ नसून नुसती तीन अक्षरे असतात. त्यात संशयास्पद काही नाही, पण ती नोंद आरटीओच्या संगणकावर चढली आहे का, याची खात्री हवी.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी पाच हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती दहा हजार करण्यात आली. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. नोंदणीची मुदत संपून वर्षे लोटली असतील तर उशिराचा आकारही चढलेला असतो. म्हणून ‘गाडी स्वस्तात देतो, कागद तुम्ही करून घ्या’ असे कोणी म्हणाला की सरळ उठून यावे.

गाडी पन्नास वर्षांपुढची आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीची फी वीस हजार, पुढच्या वेळी पाच हजार. म्हणजे पद्मिनीच्या अगदी पहिल्या गाड्याही आता या वयात आल्या आहेत. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मुलांना शाळेत सोडायला गाडी हवी असेल तर या वाटेला जाऊ नये.

पत्रा बोलतो

बापलेकांनी पाहिलेली पहिली गाडी दिसायला झकास होती. पांढराशुभ्र नवा रंग, नवी सीट. मुलगा बयाणा द्यायला निघाला. आजोबा हळूच खाली वाकले आणि दरवाज्याखालच्या पट्टीवरून त्यांनी बोटे फिरवली. मग खिशातून लोहचुंबक काढला. तो काही ठिकाणी चिकटला, काही ठिकाणी घसरून पडला. जिथे पडला तिथे पत्रा खाऊन गेला होता. आत लांबी भरून वर रंग मारलेला.

पद्मिनीला लॉरीसारखी वेगळी चौकट नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, पण कणाच गंजला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. म्हणून पायाखालची मॅटे उचलून जमीन पाहावी. डिकीतले स्टेपनीचे चाक काढून तळ पाहावा. मागचे पाटे जिथे बसवलेले असतात तिथे टोचून पाहावे.

आजोबांनी डिकीत आणखी एक गोष्ट पाहिली. गॅसच्या टाकीच्या पट्ट्यांची बुजवलेली भोके. पुढे डाव्या बाजूला मीटरच्या पट्टीची खूण. “ही टॅक्सी आहे,” ते म्हणाले, “वीस वर्षं राबलेली.” विकणाऱ्याने मान खाली घातली. टॅक्सी वाईट नव्हे, तिने अनेकांची घरे चालवली. पण ती खाजगी म्हणून विकणे ही फसवणूक. आणि आयुष्य संपलेल्या टॅक्सीची खाजगी नोंद करून घेण्याच्या भानगडीत नवख्या माणसाने पडू नये.

कुर्लेकरांनी आणखी एक परीक्षा विसरू नये. २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. पुरात बुडालेल्या गाडीच्या दरवाज्यांच्या पोकळीत, सीटखाली बारीक गाळ राहतो. काचा लावून दहा मिनिटे आत बसले की कुबट वास येतो.

इंजिन थंड असताना जा

गाडी पाहायला सकाळी जावे आणि ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असे सांगावे. गरम इंजिन कुठलेही चालू होते. निळा धूर आला तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा गेल्या. ऑइलचे झाकण उघडल्यावर आत पांढरट साय दिसली तर पाणी मिसळते आहे. स्टिअरिंग किती बोटे मोकळे फिरते ते पाहावे. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आजच्या गाडीसारखे ते चटकन लागत नाहीत, हे ध्यानात ठेवून चालवावे. पार्टसाठी कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गाडी घेण्याआधीच चौकशी करून यावे. काय मिळते आणि काय मिळत नाही, ते कळले की भाव ठरवताना जोर येतो.

पैसा कुठला?

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तोच. एवढ्या जुन्या गाडीवर नेहमीचे मोटारकर्ज मिळणे कठीण. मग माणूस चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढतो किंवा दागिना गहाण ठेवतो. हौसेच्या गाडीसाठी हे करू नये. ती पैसे मिळवून देत नाही, खाते. गाडी जेवढ्यात मिळेल तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला असावी. विमा आणि नोंदणी वेगळी. गाडी उभी करायला जागाही हवी. चाळीच्या बोळात किंवा पाणी साचणाऱ्या गल्लीत ठेवली तर दोन पावसाळ्यांत पत्रा जातो. ‘पुढे भाव वाढेल’ या आशेवर तर कधीच घेऊ नये. भाव वाढलाच तर आनंद आहे, न वाढला तरी घर हलता कामा नये.

त्या घरात शेवटी काय ठरले? मुलीच्या फीचे पैसे वेगळ्या खात्यात गेले. त्याला कोणी हात लावायचा नाही, असे आजोबांनीच बजावले. गाडीसाठी पोस्टात दर महिन्याला थोडी रक्कम टाकायची. ती पुरेशी जमेपर्यंत रविवारी गाड्या पाहायच्या, बयाणा द्यायचा नाही. आतापर्यंत चार गाड्या पाहून झाल्या, चारही नाकारल्या. नात आता आजोबांबरोबर जाते. लोहचुंबक तिच्याकडे असतो.

मागच्या खेपेला तिने विचारले, “आजोबा, ही तुम्ही बनवलेली असेल का हो?”

आजोबांनी दरवाजा उघडून परत लावला, आवाज ऐकला आणि म्हणाले, “असेलही. पण आपण बनवली म्हणून आपण फसायचं नाही.”