मायक्रोवेव्ह सेफ... म्हणजे नक्की काय?

दुपारचा एक वाजला, की ऑफिसच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हसमोर रांग. कुणाचे छोले, कुणाचा कोल्हापुरी रस्सा... 'टिंग' झालं, की डबा बाहेर! धुताना कधी त्याच्या आतून बोट फिरवलंय? तरी जिथवर आली होती, तिथे एक खरखरीत रेघ लागते.

गंमत म्हणजे मायक्रोवेव्ह डब्याला थेट तापवतच नाही. त्याच्या लहरी सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावे घेत अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना घुसळतात. आपला डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा (तळाशी त्रिकोणात ५ आकडा बघा). त्याला या लहरींचं सोयरसुतक नाही. तो तापतो आतल्या भाजीमुळे.

या प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. काही ठिकाणी इस्त्रीवाल्याकडून आल्यासारख्या नीट घड्या, तर काही ठिकाणी चक्क हक्का नूडल्स! म्हणून ते 'अर्धस्फटिकी'. डब्याचा दुधाळपणा घड्यांमुळे, आणि हळदीचं तेल मुरतं ते गुंत्यात. घड्या वितळायला साधारण १६० अंश लागतात. पाणी १०० अंशांना उकळून थांबतं, पण तेलाला ती मर्यादा नाही. कडेला चिकटून सुकलेला मसाला त्याहून बराच वर जातो. ती रेघ त्याचीच करामत.

कोल्ड्रिंकची बाटली पेटची. तिच्यातला गुंता ७०-८० अंशांनाच सैलावतो, म्हणून उकळतं पाणी ओतलं, की बिचारी आक्रसते. पण त्याच पेटमध्ये कारखान्यात मुद्दाम जास्त घड्या पाडल्या, की थेट ओव्हनमध्ये जाणारे रेडी-मीलचे अपारदर्शक ट्रे तयार. माल तोच, फक्त घड्यांचा फंडा!

मग 'मायक्रोवेव्ह सेफ' असेल तर टेन्शन नाही ना? तसं नाही, बॉस. डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही, हा भरवसा ठीक. पण त्यातून काहीच सुटणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये लहान मुलांच्या खाऊचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तापवले. तीन मिनिटांत काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून ४२ लाखांपर्यंत मायक्रोप्लास्टिकचे आणि २११ कोटींपर्यंत नॅनोप्लास्टिकचे कण सुटले.

आमचं मत? घरून डबा कुठलाही आणा, पण तरीवाली भाजी गरम करायची ती काचेच्या बोलमध्ये. ड्रॉवरमध्ये एक ठेवून द्या. फक्त त्यावर नाव लिहायला विसरू नका, पॅन्ट्रीत बोलला पाय फुटतात!