अंधेरीतला परदेश

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एमआयडीसीत, सीप्झचे फाटक आहे. (नावात सांताक्रूझ, जागा अंधेरीत, हा घोळ जुनाच.) या भागात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते रिक्षांची रांग आणि संध्याकाळची गर्दी एवढ्यापुरतेच ठाऊक असते. पण २००५च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याचे ५३वे कलम वाचले, की तेच फाटक वेगळे दिसू लागते. सीमाशुल्कापुरता फाटकाआतला भाग भारताबाहेरचा मानावा, असे ते कलम सांगते. म्हणजे साकीनाक्याहून माल आत गेला तर ती निर्यात. आतला माल कुर्ल्यात विकायचा तर तो परदेशातून आल्यासारखे शुल्क.

साम्राज्यवादाच्या मार्क्सवादी चर्चेत शंभर वर्षे घोळत असलेला प्रश्न मला या फाटकापाशी उलगडतो. भांडवल जगभर फिरते, तर जगाचे तुकडे पाडणारी ही राज्ये टिकतात कशासाठी?

बड्या देशांचे भांडवलदार आपसांत जुळवून घेऊन जग एकत्रितपणे पिळतील, अशी शक्यता काउत्स्कीने १९१४ साली मांडली. लेनिनने १९१६ साली झुरिचमध्ये ती खोडून काढली. भांडवलशाहीची वाढ असमान असते, त्यामुळे आजची वाटणी उद्या कोणाला तरी अपुरी पडते आणि युद्ध अटळ होते, हे त्याचे म्हणणे. महायुद्ध चालू असताना ते पटण्यासारखेच होते. तरी दोघांची नजर बड्या सत्तांवरच खिळलेली.

सीप्झ त्यात बसत नाही. १९७३ साली ते भारत सरकारने आपणहून उभारले. कोणाचे आरमार अपोलो बंदरासमोर उभे नव्हते. त्याच वर्षी त्याच सरकारने परकीय कंपन्यांना वेसण घालणारा ‘फेरा’ कायदाही केला. मला यात विसंगती दिसत नाही. परकीय चलनाची चणचण असलेले राज्य एका हाताने दार लावत होते आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडत होते. त्याला भांडवलाचे नुसते बाहुले म्हणणे हा आळस आहे.

इथे आर्गिरी इमॅन्युएल उपयोगी पडतो. १९६९च्या ‘असमान विनिमय’ या ग्रंथात त्याने दाखवले, की भांडवल आणि माल सीमा ओलांडतात, मजूर सहसा नाही. म्हणून मजुरी देशोदेशी वेगळी राहते आणि व्यापारात एका देशाचे श्रम दुसऱ्याकडे स्वस्तात जातात. मजुरीतला फरक उत्पादकतेमुळेही पडतो, हा त्यावरचा आक्षेप वजनदार आहे. पण सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यात हिशेब सरळ दिसतो: ग्राहक परदेशी, भाव डॉलरात, पगार मुंबईच्या दराने. त्याच कायद्याचे ४९वे कलम केंद्राला इतर कायदे शिथिल करू देते. कामगार संघटना, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतिलाभ यांचे मात्र नाही. ही कामगारांची ढालच आहे, आणि ती हवीच. तरी तिच्यातून दिसते ते असे, की फाटकाआत अंगठीचा देश बदलतो, ती घडवणाऱ्या बाईचा बदलत नाही.

२७ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरचे जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यात सीप्झचे दागिनेही आले, कारण अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याला आमचे ५३वे कलम लागू नाही. त्याच्या लेखी अंधेरी भारतातच आहे.