हौदा उचलणारे ट्रक

धातूचा खेळण्यातला ट्रक हातात आला की मोठी माणसं तो आधी उलटा करतात आणि तळावरची अक्षरं वाचतात. लहान मूल थेट हौदा उचलून बघतं. या बाबतीत संग्राहकांनी पोरांकडून शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लिलावांचा बाजार मात्र वेगळं सांगतो. १९९४ साली लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात डिंकी टॉइजची १९३७ सालची एक छोटी डिलिव्हरी व्हॅन १२,६५० पौंडांना गेली. तिच्या अंगावर ‘बेंटॉल्स’ या दुकानाचं नाव होतं, एवढंच तिचं वैशिष्ट्य. चाकं सोडली तर तिच्यात हलणारं काहीच नव्हतं. ज्याला अशी व्हॅन हवी त्याने ती जरूर घ्यावी. हा लेख हौदा, शिडी, यारी आणि फाळका हलवून बघणाऱ्यांसाठी आहे.

हे ट्रक ज्या धातूचे होतात त्याला झमॅक म्हणतात. मुख्य भाग जस्ताचा, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम आणि प्रकारानुसार थोडं तांबं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९मध्ये हे मिश्रण विकसित केलं. ते साधारण ३८५ अंश सेल्सियसला वितळतं. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात आणि लोखंडाला पंधराशेच्या वर. तापमान इतकं कमी असल्यामुळे पोलादी साचा लवकर झिजत नाही, आणि एकाच साच्यातून लाखो नग काढता येतात. वितळलेला रस जोराच्या दाबाने साच्यात घुसवला की इंजिनाच्या जाळीवरच्या रेघा आणि दाराची मूठसुद्धा उठून दिसते. साचा बनवणं महाग, पण त्यातून निघणारा नग स्वस्त. या धंद्याचं सगळं गणित यात आलं.

हलणारा भाग या गणितात खोडा घालतो. हौदा वेगळा हलायचा तर त्याला वेगळा साचा हवा, फाळक्याला आणखी एक. मग बिजागरीची पिन, ती ठोकणारा हात आणि नग फिरवून तपासणारी नजर. कारखानदाराच्या दृष्टीने प्रत्येक बिजागरी म्हणजे खर्चाची नवी ओळ. म्हणून कोणत्या कंपनीने कोणत्या काळात किती भाग हलते ठेवले, हे पाहिलं की त्या कंपनीची तेव्हाची आर्थिक प्रकृती बऱ्यापैकी कळते.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३०च्या दशकात डिंकी टॉइज सुरू केली. ट्रकांच्या दृष्टीने तिचा खरा काळ १९४७नंतरचा, म्हणजे ‘डिंकी सुपरटॉइज’ या मोठ्या मालिकेपासूनचा. त्याच सुमारास आलेल्या बेडफर्ड टिपरच्या बाजूला चिमुकलं हँडल होतं. ते फिरवलं की आतल्या मळसूत्रावर हौदा हळूहळू वर चढायचा आणि मागचा फाळका आपोआप लोंबायचा. बोटाने ढकलून उचलला जाणारा हौदा आणि हँडलने चढणारा हौदा यांत फार फरक आहे. दुसऱ्यात मुलाला काम करावं लागतं, वाट बघावी लागते, आणि तो कुठल्याही उंचीवर थांबवता येतो.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आलेली कोल्स कंपनीची वीस टनी ट्रकवरची यारी ही या मालिकेची कमाल आहे. तिला दोन हँडल होती. एकाने यारीचा हात वर-खाली व्हायचा, दुसऱ्याने दोऱ्याला बांधलेला आकडा. वरची केबिन चहूबाजूंनी फिरायची. बॅटरी, स्प्रिंग यांतलं काही नाही. दोरा, कप्पी आणि रिळं एवढ्यावर सगळं चालायचं. आज अशी यारी विकायला येते तेव्हा बहुधा तिचा दोरा बदललेला असतो आणि आकडा बाजारात मिळणारा नक्कल केलेला. त्यात गैर काही नाही, विकणाऱ्याने ते सांगितलं म्हणजे झालं.

मॅचबॉक्सची कथा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण त्यातला ट्रकांचा भाग सहसा सुटतो. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या नौदलातल्या दोघा मित्रांनी (आडनाव एक, नातं नाही) १९४७मध्ये उत्तर लंडनमध्ये ‘लेस्नी प्रॉडक्ट्स’ सुरू केली. ओतकामातला खरा जाणकार होता जॅक ओडेल, तो लगेचच त्यांना येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई. म्हणून त्याने तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या रथाची छोटी प्रतिकृती दहा लाखांहून अधिक खपली आणि कंपनीच्या हाती पैसा आला. त्याच वर्षी मॅचबॉक्सची मालिका निघाली. तिचा पहिला क्रमांक रोड रोलरचा, दुसरा डंपरचा, तिसरा काँक्रीट मिक्सरचा. पहिले तिन्ही क्रमांक रस्त्याच्या कामावरच्या यंत्रांचे होते, मोटारी मागून आल्या. डंपरचा हौदा पालथा व्हायचा, मिक्सरचा ड्रम फिरायचा. एवढ्याशा आकारात आणि लहान मुलांच्या खाऊच्या पैशांत परवडेल अशा किमतीत त्यांनी ही हालचाल बसवली, हे मला त्या काळच्या मोठ्या मॉडेलांपेक्षा जास्त कौतुकाचं वाटतं.

एक खोड मात्र या मालिकेला कायमची लागली. सगळ्यांना खोका एकाच मापाचा, त्यामुळे बस, ट्रॅक्टर आणि रोलर जवळपास एकाच उंचीचे. प्रमाणाचा आग्रह धरणाऱ्यांना याचा त्रास होतो. साठच्या दशकात आलेल्या मॅचबॉक्सच्या ‘किंग साइझ’ मालिकेने तो थोडा कमी केला. तिच्यात खोदयंत्रं, माती खरवडणारी यंत्रं आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर वाहून नेणारा स्कॅमेलचा अवजड ट्रेलर अशी तालेवार मंडळी होती.

तिसरा भिडू कॉर्गी. फिलिप उलमान हे न्यूरेम्बर्गचे ज्यू खेळणी-उत्पादक. हिटलर सत्तेवर आल्यावर ते इंग्लंडला आले आणि १९३३मध्ये त्यांनी ‘मेटॉय’ उभी केली. या कंपनीने १९५६मध्ये वेल्समधल्या स्वान्सीहून कॉर्गी टॉइज काढली. खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक बसवलेल्या गाड्या म्हणून जाहिरात केली आणि डिंकीला घाम फोडला. कॉर्गीची प्रसिद्धी जेम्स बाँडच्या मोटारीमुळे झाली, पण तिचे मोठे ट्रक त्याहून सरस आहेत. १९६७मध्ये आलेला होम्स रेकर घ्या. केबिन पुढे झुकते, खाली इंजिन दिसतं, आणि मागे दोन स्वतंत्र हातांवर दोन आकडे. बंद पडलेली गाडी घाटातून ओढून नेणारा रेकर ज्यांनी पाहिलाय त्यांना त्यातली अचूकता सांगायला नको.

मग १९६८ उजाडलं आणि अमेरिकेतल्या मॅटेलने हॉट व्हील्स बाजारात आणल्या. बारीक आस, घर्षण कमी असलेली चाकं, नारिंगी रुळावरून सुसाट पळणाऱ्या मोटारी. मुलांना अचानक वेग हवासा झाला. मॅचबॉक्सने १९६९मध्ये ‘सुपरफास्ट’ चाकं आणून उत्तर दिलं, पण त्यासाठी सगळी मालिका बदलताना कंपनी खर्चाने मेटाकुटीला आली. पुढच्या दशकात ब्रिटनमधली महागाई आणि मजुरी यांनी उरलंसुरलं काम केलं. डिंकीचा बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर १९७९मध्ये बंद झाला. लेस्नी १९८२मध्ये दिवाळखोरीत गेली, मेटॉय १९८३मध्ये. चार वर्षांत तिन्ही घरं बसली. मॅचबॉक्सचं नाव हात बदलत १९९७मध्ये मॅटेलकडेच गेलं, म्हणजे जिच्यामुळे धाप लागली तिच्याच घरी.

या सगळ्यात हलणारे भाग कमी होत गेले. स्वस्त मोटारींची उघडणारी दारं गेली, बॉनेटं गेली. ट्रक त्यातल्या त्यात वाचले, कारण हौदा न उचलणारा टिपर कोण घेणार? आज मॅचबॉक्स ‘वर्किंग रिग्ज’ नावाने हालचाल असलेले ट्रक विकते, आणि उघडणाऱ्या दारांच्या मोटारींची ‘मूव्हिंग पार्ट्स’ नावाची वेगळी मालिका काढते. पूर्वी जे गृहीत होतं ते आता खास म्हणून खोक्यावर छापावं लागतं.

हालचालीचं टोक बघायचं तर पुन्हा न्यूरेम्बर्गलाच जावं लागतं. १९५०पासून जगातली मोठी खेळणी-जत्रा तिथे भरते. १९६८मध्ये सुरू झालेली एनझेडजी कंपनी याच शहरातली, आणि जवळच्या काल्खरॉइट गावातली कॉनराड तिची जोडीदार. दोघींचं माप ठरलेलं: मूळ यंत्राच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं मॉडेल. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना भेट द्यायला ही मॉडेलं करून घेत आल्या, त्यामुळे अभियंत्यांची नजर त्यांच्यावर असते. लीबहेरच्या १,२०० टनी फिरत्या क्रेनचा हात प्रत्यक्षात १०० मीटरपर्यंत लांबतो. एनझेडजीने तिचं मॉडेल केलं आहे. १०० मीटरचा पन्नासावा हिस्सा म्हणजे दोन मीटर. टेबलावर ठेवून पूर्ण उभारायची तर आधी पंखा बंद करा. अशी मॉडेलं मुलांच्या हाती द्यायची नसतात, आणि किंमत ऐकल्यावर घरातल्या कुणालाच द्यावीशी वाटत नाहीत.

आपल्याकडे बॅकहो लोडर म्हटलं तर कुणाला कळणार नाही, जेसीबी म्हणा, शेंबडं पोरही मान डोलावेल. जेसीबीचा पुण्याजवळ कारखाना आहे, तेव्हा हे यंत्र आता इथलंच. त्याचं चांगलं धातूचं मॉडेल निवडताना पुढचं सूप, मागच्या हाताचे दोन सांधे, टोकाची बादली आणि बाजूचे टेकू पाहा. हे सगळं वेगवेगळं हललं पाहिजे आणि हात सोडल्यावर आपल्या जागी टिकलं पाहिजे. लोंबत खाली येणारी बादली म्हणजे सैल रिव्हेट. दुसरं एक नातं जुनं आहे. टाटांनी १९५४मध्ये जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. त्यामुळे मर्सिडीजच्या त्या पिढीतल्या पुढे नाक असलेल्या ट्रकाचं मॉडेल मराठी माणसाच्या हाती आलं तर तो ‘हा तर आपला टाटा’ असंच म्हणेल.

भारतात ही खेळणी सहज मिळत नव्हती. आयातीवर बंधनं होती. आखातात नोकरीला गेलेल्या काका-मामांच्या बॅगेतून जे येई ते. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघाल्या. ओतकाम जाडसर, रंग थोडा ओबडधोबड, तरी आज ब्रिटनमधले संग्राहक त्या मुद्दाम शोधतात. आता अडचण वेगळी आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच. पण देशी बाजाराला एवढं संरक्षण मिळूनही टाटा किंवा अशोक लेलँडचा ट्रक दुकानात मिळतो तो बहुधा प्लास्टिकचा. जस्ताच्या ओतकामाचे कारखाने देशात पुष्कळ आहेत. फाळका उघडणारा, ताडपत्री बांधता येणारा, मागे रंगीत नक्षी असलेला धातूचा देशी ट्रक त्यांतल्या कुणी मनावर घेऊन काढावा.

जुने नग हवे असतील तर मुंबईत चोरबाजाराची मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, या दोन जागा पायाखाली घालाव्यात. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. जस्ताच्या ओतकामाला तो चिकटत नाही, पत्र्याच्या ट्रकाला चिकटतो. विक्रेता ‘डायकास्ट’ म्हणून काहीही दाखवतो, तेव्हा हे उपयोगी पडतं. मग तळाचे रिव्हेट पाहा. त्यांवर ड्रिल मारल्याची खूण असेल तर ट्रक उघडून रंगवलेला आहे. हँडल अर्धा फेरा फिरवून बघा, जोर लावू नका. ओतकामावर केसासारख्या भेगा किंवा फुगवटे दिसले तर नग परत ठेवा. मिश्रणात शिसं किंवा कथील शिरलं की धातू आतून पोखरतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. युद्धापूर्वीच्या डिंकींना हा रोग फार. त्यावर औषध नाही, पण तो शेजारच्या नगाला लागतही नाही, तेव्हा घाबरून सगळं कपाट रिकामं करायला नको.

आपली दमट हवा मात्र या पोखरणीला हातभार लावते. मुंबई-कोकणात ट्रक बंद काचेच्या कपाटात ठेवावेत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात त्या बदलाव्यात. मऊ प्लास्टिकचे टायर दुसऱ्या प्लास्टिकवर वर्षानुवर्षं टेकले तर डाग पाडतात, खड्डेही पाडतात, म्हणून खाली जाड कागद घालावा. यारीचा हात खाली उतरवून ठेवला की दोऱ्यावर ताण राहत नाही. मळसूत्राला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे, आणि वर्षातून दोन-चारदा ते फिरवायलाच हवं. न फिरवलेलं हँडल जाम होतं, आणि जाम हँडल तुटतं ते पहिल्याच जोराला.

या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर असा एखादा ट्रक सापडला तर एवढंच करा: कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, हलणारे भाग हळूच हलवून बघा, आणि निखळलेला आकडा किंवा फाळका त्याच खोक्यात कुठे पडलाय का ते शोधा. रंगाचा डबा मात्र आणू नका. खरचटलेल्या मूळ रंगाचा ट्रक नव्याने रंगवलेल्या ट्रकापेक्षा बाजारात जवळजवळ नेहमीच जास्त किमतीला जातो.