लहान ख्रिस्ती मंडळीचे पुढारीपण आणि वेतनाचा प्रश्न

एखाद्या गावात ख्रिस्ती मंडळीची पंचवीस-तीस कुटुंबे आहेत, त्यांची मिळकत सुगीवर अवलंबून आहे आणि उपासनेसाठी त्यांच्यापाशी स्वतंत्र इमारत नाही. अशा मंडळीचे पुढारीपण कोणी करावे व त्याच्या चरितार्थाची तरतूद कोठून व्हावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः त्यात अधिकाराचा प्रश्न दडलेला असतो. पुढाऱ्याला पोसणारा जर गावाबाहेरचा असेल, तर त्याचा जबाबही गावाबाहेरच जातो, आणि मंडळी त्याच्याकडे आपला माणूस म्हणून न पाहता दुसऱ्याचा नोकर म्हणून पाहू लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनसंस्थांच्या चालकांना या अडचणीची जाणीव झाली होती. लंडन येथील चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि बॉस्टन येथील अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन या दोघांनी जवळजवळ एकाच काळात असे प्रतिपादन केले की, देशी मंडळी स्वावलंबी, स्वशासित व स्वप्रसारक व्हावी, आणि मिशनरीने तेथून पुढे निघून जावे. या त्रिसूत्रीविरुद्ध सहसा कोणी बोलत नसे. परंतु तीत ‘केव्हा’ या शब्दाला उत्तर नव्हते. प्रथम मिशनने वेतन द्यावे, मंडळी वाढेल तसतसे ते कमी करीत आणावे, आणि शेवटी सर्व भार मंडळीवर सोपवावा, असा क्रम सामान्यतः गृहीत धरलेला असे. हा ‘शेवट’ बहुधा येत नसे, हा अनुभव.

या क्रमावरच आघात करणारा मनुष्य म्हणजे जॉन लिव्हिंग्स्टन नेव्हिअस. हा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी. 1829 मध्ये जन्मलेला नेव्हिअस 1854 मध्ये चीनमध्ये आला, आणि 1871 पासून शांतुंग प्रांतातील चीफू बंदरी (आजचे यंताई) त्याचे वास्तव्य होते. तेथे त्याने परदेशी सफरचंदांची बाग लावली. यंताईच्या सफरचंदांचा उगम आजही त्या बागेशी जोडला जातो, आणि त्या शहरात त्याचे नाव त्याच्या धर्मकार्यापेक्षा फळांमुळेच अधिक ठाऊक असावे. 1876 ते 1879 या वर्षांत उत्तर चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला. 1877 मध्ये शांतुंगच्या अंतर्भागात दुष्काळनिवारणाचे काम करीत असता खेड्यापाड्यांतील लोकांशी त्याचा निकट संबंध आला, आणि पुढील काही वर्षांत त्या भागात सुमारे साठ लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. चीफूपासून त्या कित्येक दिवसांच्या वाटेवर होत्या. एक मिशनरी, एकचाकी ढकलगाडी आणि साठ मंडळ्या, असे हे गणित होते. नेव्हिअसची पद्धती तत्त्वचिंतनातून जन्मास आली त्यापेक्षा अधिक या गणितातून आली, असे म्हणावयास हरकत नाही.

1885 मध्ये चीनमधील मिशनऱ्यांच्या एका मासिकात त्याने आपले विचार लेखमालेने मांडले. प्रचलित पद्धतीला त्याने ‘जुनी पद्धती’ म्हटले. तीत नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या हुशार माणसाला ताबडतोब पगारी उपदेशक नेमण्यात येई. नेव्हिअसचे आक्षेप व्यवहारी आहेत. तो मनुष्य आपल्या शेतातून वा दुकानातून उचलला गेला की शेजाऱ्यांवरील त्याचा स्वाभाविक प्रभाव संपतो. कालपर्यंत आपण होऊन बोलणारा आज पगारासाठी बोलतो, असे लोक म्हणतात, आणि त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. न मागता काम करणारे इतर सभासद ‘मला का नाही?’ असे विचारू लागतात व हळूहळू थांबतात. शिवाय पगारी आणि बिनपगारी यांतून खरी कळकळ कोणाची, हे पारखण्याचे साधनच मिशनरीच्या हातून जाते. यांपैकी शेवटचा मुद्दा सर्वांत सूक्ष्म आहे. वेतनामुळे मनुष्य बिघडतो असे त्यात म्हटलेले नाही. वेतन देणाऱ्याची नजर बिघडते, असे म्हटले आहे.

त्याऐवजी त्याने केलेली योजना अशी होती. प्रत्येकाने ज्या धंद्यात तो होता त्यातच राहावे. प्रत्येक ठिकाणी तेथीलच एक विश्वासू गृहस्थ बिनवेतन पुढारी असावा, आणि उपासना बहुधा त्याच्याच घराच्या एखाद्या खोलीत व्हावी. पुष्कळ मंडळ्या मिळून एक फिरता साहाय्यक असावा. पगार फक्त त्याला, आणि तोही मंडळ्यांना झेपेल तेव्हा मंडळ्यांनीच द्यावा. मिशनरीने वर्षातून दोनदा फेरी करावी, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी त्या वेळी व्हावेत, आणि उरलेल्या महिन्यांत मंडळीने स्वतःला सांभाळावे. पुढाऱ्याला प्रवचन करता येत नसेल तर त्याने करू नये; वाचावे, पाठ म्हणून घ्यावे, ऐकलेली कथा प्रत्येकाने पुन्हा सांगावी. शेतीची कामे सैल पडतात त्या दिवसांत पुढाऱ्यांना एकत्र बोलावून शिकवावे व पुन्हा घरी पाठवावे. शिक्षणासाठी माणसाला गावातून कायमचा काढावयाचा नाही, हा या सर्वांमागील कटाक्ष होता.

1890 च्या जून महिन्यात कोरियातील तरुण मिशनऱ्यांच्या निमंत्रणावरून नेव्हिअस सेऊल येथे गेला व सुमारे दोन आठवडे राहिला. तेथील प्रॉटेस्टंट मिशनकार्य जेमतेम पाच वर्षांचे होते. मोडावयास जुनी पद्धती फारशी नव्हती. प्रेस्बिटेरियनांनी त्याची योजना बहुतांशी स्वीकारली, आणि 1893 मध्ये तीत आणखी भर घालून श्रमजीवी वर्ग व स्त्रिया यांच्यावर विशेष लक्ष द्यावे, सर्व लेखन चिनी अक्षरांऐवजी हांगुल लिपीत करावे असे ठरविले. हांगुलचा निर्णय पुढारीपणाच्या दृष्टीने विशेष मोलाचा ठरला. चिनी अक्षरे येणारा मनुष्य प्रत्येक खेड्यात मिळणे कठीण होते. हांगुल मात्र शेतकरी आणि त्याची बायकोही थोड्या दिवसांत शिकू शकत. अल्पसाधन मंडळीला कशाची बचत करता येते याचा विचार करताना लिपीचे नाव सहसा कोणाला सुचत नाही.

गावातील बिनवेतन पुढाऱ्याला तेथे ‘योंग्सू’ म्हणत, आणि अनेक मंडळ्यांवरील फिरत्या साहाय्यकाला ‘चोसा’. अभ्यासवर्गाला येणारे लोक आपला शिधा बरोबर आणीत. सोरे या गावी 1895 मध्ये लोकांनी आपल्याच पैशाने व श्रमाने उपासनामंदिर बांधले. रोकड नसे म्हणून स्त्रिया प्रत्येक वेळच्या स्वयंपाकातून थोडा तांदूळ बाजूला काढून ठेवीत. ज्यांच्याकडे तोही नसे ते इतके दिवस प्रचारासाठी देऊ असे वचन देऊन दिवसांचे दान करीत. मूठभर तांदळाची हीच प्रथा आपल्या देशात मिझोरममधील मंडळ्यांत 1910 पासून सुरू झाली व अद्याप चालू आहे. अशा दानात रक्कम लहान असली तरी तिची गणना रोज चुलीपाशी होते, वर्षातून एकदा सभेत होत नाही.

कोरियात 1901 मध्ये प्याँगयांग येथे धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. 1907 मध्ये स्वतंत्र प्रेस्बिटरी स्थापन होऊन पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा मिळाली, आणि त्यांतीलच एकाला चेजू बेटावर प्रचारक म्हणून पाठविण्यात आले. नेव्हिअसच्या भेटीपासून सतरा वर्षांनी, असा हा हिशेब आहे.

तथापि या यशाची किंमतही मोजली पाहिजे. 1896 मध्ये तेथील एका मिशनऱ्याने असे धोरण मांडले की, देशी पाळकाचे शिक्षण मंडळीच्या सर्वसाधारण पातळीहून थोडेसेच वर असावे. मान मिळेल इतके, पण दुरावा वाटेल इतके नव्हे. खर्चाच्या दृष्टीने हे सोयीचे होते. परंतु ‘थोडेसेच’ म्हणजे किती, हे ठरविणारा स्वतः विद्यापीठाचा पदवीधर होता, हे विसरून चालणार नाही. पुढील काळातील कोरियन टीकाकारांनी याच ठिकाणी बोट ठेवले. दुसरा आक्षेप घरातूनच आला. शांतुंगमधील सहकारी कॅल्विन मटीर याने नेव्हिअसच्या मृत्यूनंतर (1893) सात वर्षांनी, 1900 मध्ये, या पद्धतीचे परीक्षण प्रसिद्ध केले; नेव्हिअसच्या मूळ मंडळ्यांपैकी पुष्कळ क्षीण झाल्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा एकच योजना शेजारच्या देशात फळास आली आणि जन्मस्थानी सुकली. त्याचे कारण योजनेपेक्षा भोवतालच्या परिस्थितीत शोधावे लागते.

महाराष्ट्रातील उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होते, कारण अँडरसनची त्रिसूत्री स्वतः त्याच्याबरोबर अहमदनगरला आली होती. 1854-55 मध्ये बोर्डाच्या शिष्टमंडळासह तो हिंदुस्थानात आला. इंग्रजी शाळांवरील भर कमी करावा, खेड्यांत लहान मंडळ्या स्थापाव्या व त्यांवर देशी पाळक नेमावे, हा त्याचा आग्रह होता. 1854 मध्येच हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. परंतु जिल्ह्यातील खेड्यांत मंडळीत येणारे बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. त्यांची उपजीविका गावकीच्या कामावर व बलुत्यावर अवलंबून असे, आणि त्या कामांतील काही भाग ग्रामदैवताच्या उत्सवाशी निगडित असे. ‘आपल्या पूर्वीच्या धंद्यातच राहा’ हा नेव्हिअसचा उपदेश अशा माणसाला कसा लागू करावयाचा? धंदा राखला तर नव्या धर्माशी विरोध. सोडला तर धान्याचा वाटा बुडे, आणि वर्गणी द्यावयास काही उरत नसे.

यातच दुसरी गुंतागुंत होती. मिशनचा पगारी शिक्षक हाच पुष्कळ ठिकाणी उपासना चालविणारा असे. शाळेची खोली तीच प्रार्थनेची खोली. मंडळीला स्वावलंबी करण्यासाठी त्याचे वेतन थांबविणे म्हणजे त्या वस्तीतील मुलांची एकमेव शाळा बंद करणे. शांतुंगमधील शेतकऱ्याच्या दृष्टीने मिशनचे वेतन हा मोह होता. अहमदनगरच्या महारवाड्यात तोच पैसा पुष्कळदा गावकीतून सुटण्याची वाट होता. नेव्हिअसचे आक्षेप येथे खोटे ठरत नाहीत, परंतु त्यांचे वजन बदलते.

तरीही वेतनाची बोच येथील पुढाऱ्यांना जाणवत नव्हती असे नाही. नारायण वामन टिळक हे 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनशी संबद्ध होते. भजन-कीर्तनाच्या द्वारे त्यांनी उपासनेला जे मराठी रूप दिले त्याला टाळ, मृदंग आणि गाणारा माणूस यांपलीकडे भांडवल लागत नव्हते. लहानातली लहान मंडळीही ते आपले म्हणून चालवू शकत होती. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली.