निकालाची वाट पाहू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात बारावीचं वर्ष सुरू असलेल्या घरात हमखास ऐकू येतं, "आधी निकाल लागू दे, मग पाहू कुठं ॲडमिशन घ्यायची ते." सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. निकाल लागतो मे महिन्यात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा त्याआधीच्या डिसेंबरातच होऊन जाते, अभियांत्रिकीसाठीच्या जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत होतं आणि केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या सीयूईटीच्या अर्जांची मुदतही तोवर संपलेली असते. मग ९५ टक्के मिळवलेल्या मुलीलाही जवळ जे असेल तेच घ्यावं लागतं. तिची हुशारी कमी पडत नाही, तारीख हुकते.

दिल्ली विद्यापीठाला ९९ टक्के लागतात, हेही आता जुनं झालं. २०२२ पासून तिथले पदवीचे प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात. ती परीक्षा मराठीतूनही देता येते. जेईई मेनही देता येते. मात्र आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड इंग्रजी किंवा हिंदीतच असते आणि क्लॅट फक्त इंग्रजीत. त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय अकरावीतच लावलेली बरी.

"आर्ट्सवाल्यांना कुठं काय असतं?" हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं. क्लॅटला शाखेची अट नाही, आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमालाही नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांनी पदवी घेतली ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. पुढे ते टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकले आणि २०२१ मध्ये चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोएस विद्यापीठात गेले. त्यांनी यवतमाळातून सुरू केलेली 'एकलव्य' चळवळ पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अशा संस्थांपर्यंत पोचायला मदत करते.

पैशाची भीती खरी आहे, पण आकडे पाहिल्याशिवाय माघार घेऊ नये. आयआयटीत बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला दोन लाख रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती माफ. कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर इतरांनाही पूर्ण माफ, आणि पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेही बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवरच.

एका कागदाकडे मात्र नीट लक्ष द्या. आयआयटी किंवा दिल्ली विद्यापीठाला ओबीसी नॉन-क्रिमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तो प्रवेशाच्या वर्षातल्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. सेतू केंद्रात राज्याचा दाखला मिळाला म्हणजे काम झालं, असं समजून लोक निवांत बसतात आणि मुलाची राखीव जागा जाते.

आता विषयाचं. नाव मोठं असलं की शाखा कोणतीही चालेल, हे मला पटत नाही. हार्वर्डमध्ये मुख्य विषय दुसऱ्या वर्षात ठरवला तरी चालतो. ऑक्सफर्डला तो अर्जातच लिहावा लागतो. आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी विषय प्रवेशाच्या वेळीच ठरतो. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावरून पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि तो मुलाच्या हातात द्या. त्यातलं एखादं पुस्तक त्यानं कुणी न सांगता उघडलं, तर अर्जात तो विषय पहिला लिहा.