‘र’चा पाय

२०२५च्या जानेवारीत सुलेखनकार अच्युत पालवांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ओळखीतल्या चारजणांनी मलाच फोन करून अभिनंदन केलं. सुलेखन म्हटलं की सगळे एकाच गोत्रातले, असा लोकांचा समज. पालवांच्या हातात बोरू आणि कट निब. मी लग्नपत्रिकांवर बोरूने लिहिल्यासारखी दिसणारी अक्षरं जेल पेनने काढत असे. ‘असे’ म्हणते, कारण त्या लग्नसराईत माझ्याकडे एकही पत्रिका आली नाही.

माझ्या आधीच्या काळाबद्दल मला फारसा जिव्हाळा नाही. खिळे जुळवून छापलेल्या गुलाबी पत्रिका, मग स्क्रीन प्रिंटिंग, मग डीटीपीवाल्याकडची तीच दोन-तीन वळणं आणि कोपऱ्यात तोच गणपती. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं ठरलेलं. कुणाला त्यात रमायचं असेल तर खुशाल रमावं.

माझं दशक २०१० नंतरचं. हातकागद, सुतळीची गाठ, वाळलेलं फूल आणि वर वधूवरांची नावं ‘हँडमेड’ अक्षरांत. अमेरिकेतल्या लग्नांचे फोटो मोबाइलवर बघून आयटीतल्या मुलामुलींना ही हौस लागली. सोबत एक युक्तीही आली. साध्या पेनने एकेरी रेघेत नाव लिहायचं, वरून खाली आलेल्या प्रत्येक रेघेला जोडरेघ द्यायची, मधली फट भरायची. झालं सुलेखन! इंग्रजीत यात काही वावगं नाही. तिथल्या कॉपरप्लेट शैलीचा निब लवचीक असतो. खाली येताना दाबला की त्याची दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते. वर जाताना दाबायची सोयच नाही. तिथली नक्कल निदान खऱ्या लेखणीचा स्वभाव ओळखून केलेली आहे.

देवनागरीचं तसं नाही. बोरूचं टोक तिरकं कापतात, तेही इंग्रजी कट निबच्या उलट बाजूने, आणि रेघ कोणत्या दिशेला चालली आहे त्यावर तिची जाडी ठरते. म्हणून ‘र’चा पाय खाली उतरत असूनही बारीक होतो, ‘व’चं पोट डावीकडे वर भरीव आणि खाली वळताना सडपातळ, आणि शिरोरेघ जवळपास दंडाइतकीच जाड. ‘उतरती रेघ जाड’ हा नियम इथे लावला की ‘र’चा पाय सुजतो, शिरोरेघ दोरीएवढी उरते आणि अख्खं नाव तिच्यावर वाळत घातल्यासारखं लोंबतं.

एका दिवसाच्या कार्यशाळा घेणाऱ्यांनी हाच नियम फी घेऊन शिकवला. अशाच एका बाईंना मी ‘र’बद्दल विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘क्लायंटला कळतं का?’’ कळत नव्हतं, हे खरंच. दुसऱ्या टोकाला सोवळ्यातले सुलेखनकार. एका प्रदर्शनात एका ज्येष्ठांनी माझी पत्रिका दोन बोटांत धरली आणि म्हणाले, ‘‘रंगवलीत छान.’’ रंगवलीच होती. पण त्याआधी तेच नाव रद्दी कागदांवर बोरूने गिरवून, कुठली रेघ कुठे बारीक होते ते बघून घेतलेलं असे. चिंध्यांच्या लगद्याच्या खरखरीत कागदाला खळ नीट लागलेली नसेल तर बोरूची शाई फुटते आणि कडा विस्कटतात. काळ्या कार्डावर तर पांढरं जेल पेनच सोयीचं. कागद उजेड आरपार जाण्याजोगा असेल तर काचेखाली ट्यूब लावायची, पेन्सिलीची रेघ वर उमटवायची, दंड भरायचे, शिरोरेघ सगळ्यात शेवटी. हृषीकेश नावाच्या एका नवरदेवाने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली होती.

२०२० साली करोनामुळे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. पन्नासांसाठी पत्रिका कोण करणार? व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रणं गेली, निर्बंध उठले तरी तिथेच राहिली. त्याच वर्षी कमल शेडगे गेले. नाटकांची नावं हाताने रेखाटणारा एवढा मोठा अक्षरकार गेला, आणि बातम्यांच्या गर्दीत हरवला.

आता हाताने लिहिल्यासारखे फॉन्ट मिळतात. त्यांच्यावर आगपाखड करावी तर पंचाईत अशी की, जाणकाराने केलेल्या फॉन्टमधला ‘र’ माझ्या दशकात हाताने काढलेल्या बहुतेक ‘र’पेक्षा शुद्ध असतो. फक्त ‘सुनीता’ आणि ‘सुनील’ यांचे ‘सु’ एकमेकांशी तंतोतंत जुळतात. ते वधूवरांना खटकत नाही, मला खटकतं.

अलीकडे एका मुलीच्या आईचा फोन आला. पत्रिका मोबाइलवर जाणार, पण पहिली पत्रिका कुंकू-अक्षता लावून देवापुढे ठेवायची, ती मोबाइलवर कशी ठेवणार? एकच हवी होती. करून दिली. शंभर नगांना लावायचे तो दर नाही लावला. एका नगाचा लावला, आणि त्यांनी घासाघीस केली.